पहिल्या ओळीतला माणूस

“...आणि मग ती म्हैस लिफ्टमधून खाली आली,” असं म्हणत अण्णा कचेरीत शिरले. पिशवी खुंटीला अडकवली, चष्मा पुसला आणि समोरची फाईल उघडून कामाला लागले.

पुढे काहीच नाही. गंगापूर रोडवरच्या त्या कार्यालयात बदली होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बाकीच्यांनी माना वर करून एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. मला वाटलं, वयानं मोठा माणूस, आपली ओळखही नाही, विचारणं बरं दिसणार नाही. पण कामात लक्ष लागेना. दोन बेरजा चुकल्या आणि त्याबद्दल वाईट वाटलं ते वेगळंच. अखेर जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मी त्यांच्या टेबलापाशी गेलो.

“अण्णा, कोणती म्हैस?”

“सापडला!” त्यांनी टाळी वाजवली. “चला, भजी मागवा. म्हणे नवीन माणूस संध्याकाळपर्यंत तग धरेल!”

माझ्यावर पैज लागली होती. म्हैस प्लास्टरची होती. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर कुणीतरी दुधाचं दुकान काढत होतं आणि सजावटीची म्हैस हमालांनी चुकून तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. ती अण्णांनी येता येता खाली उतरताना पाहिली.

“मग प्लास्टरची होती हे आधी सांगायचं ना,” मी म्हणालो.

“आधी सांगितलं असतं तर तू डबा खात बसला असतास.”

अण्णा हेडक्लार्क नव्हते, युनियनचे पुढारी तर नव्हतेच. पण इमारतीत कुणालाही मेमो आला की तो माणूस सर्वांत आधी त्यांच्याकडे यायचा. आमच्यासारख्या नोकरीत एक लेखन कुणाला चुकत नाही, ते म्हणजे खुलासा. उशीर झाला, फाईल हरवली, बैठकीत डुलकी लागली, की ‘कारणे दाखवा’ असा मेमो हातात पडतो आणि लेखी उत्तर द्यावं लागतं. सगळ्यांची उत्तरं ‘उपरोक्त विषयास अनुसरून मी खाली सही करणार’ अशीच सुरू होतात. अण्णांच्या मते या सुरुवातीनंच अर्धे लोक शिक्षा ओढवून घेतात. साहेब टपाल बघतात ते सकाळचा चहा घेता घेता, म्हणून त्यांनी एक कसोटी ठरवली होती. “पहिल्या वाक्याला साहेबाचा कप बशीत परत गेला पाहिजे. कप हातातच राहिला, तर तुझी वेतनवाढ गेली म्हणून समज.”

लेखा शाखेतल्या एका बाईंना रोज उशीर व्हायचा. त्यांनी आणलेल्या मसुद्यात बस चुकणं, पाहुणे, पाठदुखी असं सगळं होतं. अण्णांनी तो वाचलाही नाही. त्यांना समोर बसवून काल सकाळी नेमकं काय झालं ते विचारलं आणि मग लिहिलं, ‘सकाळी नऊ वाजता माझ्या सासूबाईंनी घराला बाहेरून कुलूप लावले व त्या देवदर्शनास गेल्या, मी आत होते.’ साहेबांचा कप तर खाली गेलाच, वर साहेबांनी बाईंना बोलावून ‘मग तुम्ही बाहेर कशा आलात?’ असं काळजीनं विचारलं.

खोटं मात्र एक अक्षर चालायचं नाही. आमचा रखवालदार ड्यूटीवर झोपला असताना साहेब स्वतः येऊन त्याच्यासमोर उभे राहिले. अण्णांनी त्याला विचारलं, “त्या वेळी स्वप्न कसलं पडलं होतं?”

“काय आठवत नाय बुवा. साहेबांचंच पडलं व्हतं असं लिवा ना.”

“पडलं नसेल तर लिहायचं नाही. आठव.”

बिचारा दोन दिवस फाटकावर डोळे मिटून आठवत बसला. त्याबद्दल त्याला दुसरा मेमो मिळाला.

हे वेड कचेरीपुरतं नव्हतं. सिनेमाला ते मुद्दाम दहा मिनिटं उशिरा जात. दहा मिनिटं चुकूनही काही अडलं नाही, तर बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं कशी कापायला हवी होती ते ऐकवत. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली. तिची पहिली ओळ होती, ‘मुलगी तयार नव्हती.’ पुढची ओळ ‘आता आहे’ अशी होती, पण व्याह्यांनी तिथपर्यंत वाचलंच नाही. छापलेला गठ्ठा वहिनींनी माळ्यावर टाकला आणि ‘श्रीकृपेकरून’ सुरू होणारी पत्रिका नव्यानं छापून घेतली. त्यानंतर वहिनी कचेरीत फोन करून म्हणायच्या, “त्यांना सांगा, येताना दळण आणायचंय. आणि असंच सांगा, रंगवून नको.”

मला ते ‘पापभीरू’ म्हणायचे. त्यात वावगं काही नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. माझा धक्का दाराला लागला तरी मी दाराला सॉरी म्हणतो. साहेब दुसऱ्या कुणावर रागावले तरी मान माझी खाली जाते. शाळेत वर्गातलं काही हरवलं की न घेताही माझा चेहरा चोरासारखा व्हायचा, तो अजून तसाच होतो. माझा पहिला खुलासा मी अण्णांना दाखवला तेव्हा त्यात ‘माफी’ हा शब्द पहिल्या ओळीत होता, दुसऱ्या ओळीत होता आणि समासातही होता.

“अरे, आधी गुन्हा तर दिसू दे!” ते म्हणाले. “तू थेट फाशीच्या दोरापासून सुरू करतोस. साहेबाला मग वाचायला उरतं काय?”

“पण अण्णा, सोयीच्या जागेपासून सुरू करायचं म्हणजे ती लबाडीच नाही का?”

“देवळाला चार दारं असतात. कोणत्याही दारानं आत गेलास तरी देव तोच दिसतो ना?”

याचं उत्तर मला पुढे जीप वाहून गेली तेव्हा सुचलं.

ती जीप गेली माझ्यामुळे. पावसाळ्याचे दिवस होते. पंचवटीतल्या एका छापखान्यातून कोरे अर्ज आणायला मी कार्यालयाची जीप घेऊन गेलो होतो. गाडीवर रंगनाथ होता. हा इगतपुरीकडचा, चाळिशीचा, ठेकेदारामार्फत लागलेला ड्रायव्हर. त्याला काढायला मेमोही लागायचा नाही, ठेकेदाराला फोन केला की पुरे. घरी तीन मुलं, थोडं भाताचं शेत आणि ही नोकरी. आम्ही अर्ज घेतले. त्या भागात होतो तेव्हा मी भाजीबाजारात गेलो आणि गाडी खाली घाटावर उभी होती. वर धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्याच्या इशाऱ्याचा भोंगाही वाजून गेला होता. आम्ही दोघंही गाडीपाशी नसताना पाणी चढलं, जीप उचलली गेली, हळूच वळली आणि घाटावरच्या एका छोट्या देवळाला टेकून बसली. माणसं सुखरूप, अर्ज भिजले, इंजिनात चिखल. दुसऱ्या दिवशी मला मेमो आला.

एवढं मी अण्णांना सांगितलं. ‘कार्यालयीन वेळेत खाजगी भाजीखरेदी केली याची मला अत्यंत शरम वाटते’ असा माझा मसुदाही दाखवला. तो त्यांनी बाजूला सारला. त्यांचे डोळे चमकत होते.

“तरंगली? खरंच तरंगली? वळली म्हणतोस ती कुठल्या बाजूला?”

“अण्णा, माझी नोकरी...”

“नोकरी राहू दे. मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर किती आला ते आम्ही नाशिककर तिच्या अंगावरून मोजतो. मी म्हणालो, आम्ही आलो तेव्हा गुडघ्यांपर्यंत असेल. अण्णांनी डोळे मिटले आणि मग एका दमात लिहिलं, ‘रंगनाथने हँडब्रेक ओढला, तेव्हा गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांपर्यंत आलेले होते आणि भोंगा वाजायचा थांबला होता.’

माझ्या अंगावर काटा आला. पुढची दोन पानं तशीच होती. भाजी दुसऱ्या पानावर, ‘किरकोळ खरेदी’ एवढ्या दोन शब्दांत. मी सही केली. रंगनाथला ते वाक्य वाचून दाखवलं तर तो खुळ्यासारखा हसायला लागला.

“आयला, भाऊ! पहिल्याच वळीत मी? वाचा ना आजून एकदा.”

वाचलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकला. “सरकारी कागदात नाव आलंय म्हणलं, लय भारी वाटतंय,” असं तो जाताना शिपायाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल आत गेलं. दाराच्या फटीतून शिपायानं पाहिलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, “कप खाली!” अण्णांनी कॉलर ताठ केली. पाच मिनिटांनी साहेबांचा आवाज आला, “ठेकेदाराला फोन लावा. आणि तो रंगनाथ कोण आहे, त्याला आत पाठवा. पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं दिसतंय आणि हा गाडी लावतोय!”

मी अण्णांच्या टेबलाकडे धावलो.

“अण्णा, ते वाक्य बदलायला पाहिजे.”

“का? त्यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“मग?”

“त्यात मी कुठे आहे?”

अण्णांनी खुलाशाची प्रत काढली, पहिली ओळ वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली. भोंगा होता, नदी होती, देव होता, आणि या सगळ्यांसमोर हँडब्रेकवर हात ठेवून एकटा रंगनाथ बसला होता. मेमो माझ्या नावाचा आणि गोष्ट त्याची झाली होती.

“चल,” ते म्हणाले.

आम्ही आत शिरलो तेव्हा रंगनाथ भिंतीला टेकून उभा होता. काल फोटो काढणारा हाच माणूस, हे सांगूनही खरं वाटलं नसतं. मी बोलायला सुरुवात केली. आधी माफी मागितली. मग अर्ज का संपले ते सांगितलं. मग छापखान्याचा पत्ता, मग तिथे जायचा रस्ता कसा खोदून ठेवलाय ते. साहेबांचा हात कपाकडे गेला. मी घाबरून पुन्हा माफी मागितली. साहेबांनी घोट घेतला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. मागे अण्णांचा श्वास जोरजोरात चाललेला मला ऐकू येत होता. चांगल्या गोष्टीची अशी माती झालेली त्यांना सहन होत नसे.

“ते असू द्या हो,” साहेब मला म्हणाले आणि रंगनाथकडे वळले. “पाणी दिसत होतं ना? मग गाडी तिथे का लावलीस?”

“भाऊ म्हणले, एक मिनटाचं काम हाय. मी म्हणलं व्हतं, भोंगा वाजून गेला, वर लावू.”

“एक मिनिटात भाजी घेऊन होते?”

“भाजी तर आधीच घेतली व्हती ना, साहेब. आम्ही पार कॉलेज रोडपर्यंत परत आलो व्हतो.”

अण्णांचा श्वास थांबला. “परत आला होतात? मग पुन्हा घाटावर कशाला गेलात?”

रंगनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

“द्यायला,” रंगनाथ म्हणाला.

“काय द्यायला?”

“मेथीची जुडी.”

साहेबांनी फोन खाली ठेवला. अण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “पापभीरू, खरं सांग. काय झालं?”

सांगावं लागलं. मी एका भाजीवाल्या मावशीकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या होत्या. कॉलेज रोडला आल्यावर पिशवीत पाहिलं तर तीन. मावशीचं नुकसान. ती जुडी घेऊन मला घरी जाता येईना. मी रंगनाथला गाडी वळवायला लावली. घाटावर पोचलो तर पाणी वाढतंय म्हणून मावशी टोपली उचलून निघून गेलेली. मी तिला शोधत गल्लीबोळांत फिरत राहिलो. मी वाहून गेलो की काय, म्हणून रंगनाथ गाडी सोडून मला शोधायला आला. तेवढ्यात गाडी गेली.

“आणि हे तुम्ही लिहिलं का नाही?” साहेबांनी विचारलं.

“मी जुडी परत करायला गेलो होतो असं लिहिणं म्हणजे... स्वतःची फुशारकी झाली असती, साहेब. म्हणून नुसती खरेदी लिहिली.”

“बघा!” अण्णा ओरडले. “हा माणूस स्वतःच्या गुन्ह्यातसुद्धा भेसळ करतो! साहेब, मला दोन मिनिटं द्या. पंचवटीतल्या मावशीनं एक जुडी जास्त दिली, तिथून ऐका.”

आणि त्यांनी सांगितलं. मी इतका मूर्ख आहे हे मला तोवर नीट समजलं नव्हतं. शहरात भोंगा वाजून गेलाय, माणसं दुकानं उचलून वर पळताहेत, आणि एक मध्यमवयीन कारकून छातीशी मेथी धरून उलट्या दिशेनं खाली निघालाय. ड्रायव्हर म्हणतोय वर लावू, हा म्हणतोय पाप लागेल. प्रत्येक भाजीवालीला हा विचारतोय, “मावशी, ही तुमची का?” आणि मागून एक माणूस सरकारी गाडी पाण्यात सोडून ओरडत येतोय, “भाऊ, मेथी खा, पण वर या!”

“आसं म्हणलो व्हतो का मी?” रंगनाथनं हळूच विचारलं.

“म्हणाला नव्हतास का?”

“‘मेथी फेका’ म्हणलो व्हतो.”

“साहेब, दुरुस्ती. मेथी फेका,” अण्णा गंभीरपणे म्हणाले. तिथे मात्र साहेबांचा संयम सुटला. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा पुन्हा लावून ते साहेब झाले. तेवढ्यात ठेकेदाराचाच फोन आला. त्याला त्यांनी पुढच्या महिन्याचं बिल वेळेवर पाठवा एवढंच सांगितलं. रंगनाथचं नाव निघालं नाही. मला एक वर्षाची वेतनवाढ रोखण्याची शिक्षा झाली आणि लेखी ताकीद मिळाली.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयुष्यभर मी न केलेल्या गोष्टींची शिक्षा मनातल्या मनात भोगत आलो. या वेळी केलेल्या गोष्टीची, बरोब्बर तिच्या मापाची शिक्षा मिळाली होती. घरी बायको मात्र चिडली. “वेतनवाढ गेली ती गेली, मेथी तरी आणायचीत!” दोन जुड्या गाडीतच चिखलात गेल्या होत्या आणि ती तिसरी मी त्या गडबडीत कुठे ठेवली ते मला आजही आठवत नाही. मावशी नंतर भेटली. तिनं ती तिसरी जुडी मुद्दामच घातली होती. दोन घेतल्या की एक वर द्यायची तिची पद्धत होती.

शिक्षा झाली त्याच दिवशी कचेरी सुटल्यावर अण्णा माझ्याबरोबर पायऱ्या उतरत होते.

“वाक्य चांगलं होतं रे.”

“होतं.”

“फार चांगलं होतं. तिथेच घोटाळा झाला.”

फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रंगनाथ एकटाच बसला होता. नोकरी वाचली होती, तरी तोंड उतरलेलं. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाला, “गावाकडं सगळ्यांनी फोटो बघितला ना, भाऊ. म्हातारा इचारतोय, तू बुडवली का गाडी? आता त्यास्नी काय सांगू?”

मला वाटलं, अण्णा एखादं झणझणीत वाक्य टाकतील आणि रंगनाथ ते फोनवर गावाला ऐकवेल. अण्णांनी बाकड्यावरची त्याची पिशवी बाजूला केली आणि शेजारी बसले. तीन चहा सांगितले.

“तू सांग,” ते म्हणाले. “कसं कसं झालं त्या दिवशी?”

“तुम्हाला तर म्हाईत हाय सगळं.”

“मला माहीत नाही. तू सांग.”

रंगनाथनं माझ्याकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, मग सांगायला लागला. पहाटे उठलो म्हणाला. चूल पेटत नव्हती, लाकडं ओली. मग धाकट्याचा एक बूट सापडेना. तो बूट कुणी घेतला असेल यावर बराच वेळ गेला. मग भाताच्या खाचरातलं पाणी फोडायला गेलो, तिथे चुलतभाऊ भेटला, त्याच्याशी बांधावरून जुनी बोलाचाली आहे, ती काय आहे ते आधी सांगतो म्हणाला. ते सांगितलं. मग बस भरून आली, थांबली नाही. मग एका ट्रकवाल्याला हात केला. तो ट्रकवाला सिन्नरचा होता. नाही, सिन्नरचा नव्हता, त्याचा मेहुणा सिन्नरचा.

मी चोरून अण्णांकडे पाहत होतो. कुणाचं दुसरं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस. मध्ये एकदा त्यांचा हात वर आला, सवयीनं, आणि त्यांनी तो परत गुडघ्यावर ठेवला. चहा संपला. दुसरा चहा आला. टपरीवाल्यानं दिवा लावला. रंगनाथचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, हातवारे सुरू झाले, आवाज चढला. गंगापूर रोड अजून फार लांब होता. ट्रक आत्ता कुठे घोटीला पोचला होता आणि तिथे तो वडापाव खायला थांबला.

अण्णांनी कप बाकड्यावर ठेवला आणि पुढे सरकून बसले.

“मग?” ते म्हणाले.